आमचं घर पिक्चरमध्ये

६ मे, सकाळी ७

लिहायला उशीर झाला, माफी असावी. ही डायरी कृषी केंद्रवाल्यानं जानेवारीतच दिली होती. पण आधी चष्मा फुटला, मग बीपी वाढला, मग लिहिण्यासारखं काही घडेना. आता घडलं आहे. आमचं घर पिक्चरमध्ये आहे. मीही आहे.

भुताचा पिक्चर. डिसेंबरात नऊ दिवस शूटिंग झालं, अवकाळी पावसात. गोंडपिपरीत इतकी घरं, पण त्यांनी माझंच निवडलं. नागपूरचा मॅनेजर प्रणित घरात पाच मिनिटं नुसता छपराकडे पाहत फिरला. शेवटी म्हणाला, असं घर सेट लावूनही मिळणार नाही. माणसाला पारख आहे.

येत्या पंधरा तारखेला चंद्रपूरच्या टॉकीजला लागणार. रोज एकच खेळ, दुपारी बाराचा. बरं आहे. उजेडात परतता येईल, सध्या रस्त्यावर वाघ आहे.

६ मे, दुपार

गिरजाला कळवायला हवं. भाऊबीजेला भावाकडे आरमोरीला गेली, ती तिथंच आहे. हवापालट. जाताना म्हणाली, स्वयंपाकघराचं छप्पर नीट झालं की निरोप पाठवा, त्याआधी नको. रागात नव्हती. भांडी मात्र घेऊन गेली.

७ मे

ठराव: पिक्चरबद्दल कोणाला सांगायचं नाही. लोकांची नजर लागते.

फक्त अल्ताफ टेलरला सांगितलं. आणि बसस्टँडवर. बँकेच्या लाइनीत विषय निघाला (मीच काढला).

एक गोष्ट मात्र खरंच कोणाला सांगायची नाही. प्रणितनं विचारलं होतं, घर वापरल्याबद्दल छपरावर नवे पत्रे टाकून देऊ, की पिक्चरमध्ये रोल देऊ? मी पूर्ण विचार केला, दोन मिनिटं. पत्रे गंजतात. पिक्चर राहतो.

८ मे

युक्ती सुचली. आपल्या झाडीपट्टीत गावात नाटक असलं की सगेसोयऱ्यांना आवतण जातं, आणि नाटकाच्या आवतणाला कोणी नाही म्हणत नाही. पिक्चर म्हणजे नाटकच, फक्त पडद्यावर. मेव्हण्याला, म्हणजे पोचूला, फोन करून रीतसर आवतण दिलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. बहीण येते म्हणते, पण पिक्चर पाहून तिथूनच परत जाईन म्हणते. बायका असंच म्हणतात. मला पडद्यावर पाहिलं की पदरानं डोळे पुसेल आणि गुपचूप गोंडपिपरीच्या बसमध्ये बसेल. तिच्यासाठी खिडकीची जागा धरायची.

१० मे

केस काळे केले. कपाळही झालं. अल्ताफकडे कोट टाकला. ऊन सेहेचाळीसवर आहे, पण टॉकीजमध्ये एसी असतो, मला सर्दी चटकन होते. मफलरही नेणार. अल्ताफनं माप घेता घेता विचारलं, "भाऊ, तुमी भूत होय का भुताले पाहून मरणारा?"

जुन्या नोकराचा रोल आहे, म्हणून सांगितलं. "मालक, तिकडं जाऊ नका," असा डायलॉग आहे. चौदा वेळा घेतला. चौदाव्या वेळी डायरेक्टर डोकं धरून खाली बसला, इतका परिणाम झाला.

१२ मे

गिरजा येणार म्हणून स्वयंपाकघर साफ करायला गेलो. आत पाहिलं. बाहेर आलो. दमा नाही, पण होऊ शकतो. छपराचं, पिक्चर झाल्यावर बघू. उद्यापासून सकाळी फिरायला जाणार.

१५ मे, सकाळी ५

झोप नाही. लोक शिट्या मारतील तेव्हा उठून हात जोडायचे की बसूनच? बसून.

१५ मे, रात्री ८

थोडक्यात लिहितो.

टॉकीजमध्ये अकरा माणसं, त्यात अल्ताफ धरून आम्ही चार. एसी बंद. कोटात मी उकडून निघालो. गिरजा आणि पोचू वेळेवर आले. गिरजा माझ्या शेजारी बसली नाही, मध्ये पोचूला बसवलं. तिनं माझ्या कपाळाकडे पाहिलं.

माझा रोल कापला आहे. कंदील धरलेला एक हात दिसतो. आवाज दुसऱ्याचा. अल्ताफ म्हणाला, हात मात्र लई चांगला केला भाऊ, अंगठीवरून ओळखला.

मग स्वयंपाकघर आलं. आमचंच. मला वाटलं होतं, त्यांनी काही लावलं असेल, रंग, जाळी, काहीतरी. काही लावलं नव्हतं. हिरोइन चुलीजवळ जाते, वरून तिच्या कपाळावर काळं पाणी टपकतं, ती वर पाहते, आणि छपराच्या भोकातून काहीतरी तिच्याकडे पाहत असतं. टॉकीजमधली माणसं ओरडली. पोचूनं सीटवर पाय घेतले. खरं लिहायचं तर मीही ओरडलो.

गिरजा ओरडली नाही. सरळ पडद्याकडे पाहत होती.

बाहेर प्रणित भेटला. चांगला मुलगा, पण बोलतो फार. गिरजाला नमस्कार करून म्हणाला, "काकू, आम्ही तर नवे पत्रे टाकून देणार होतो. काकांनीच रोल मागितला."

मी विषय बदलला. ऊन फार आहे म्हणालो. मग गिरजा माझ्याकडे वळली.

"अकरा वर्सं मी त्या गळत्या छपराखाली सैपाक केला जी. हे लोकं दोन मिनिटं पाहून वरडले."

आवाज चढवला नाही. पोचूला विचारलं, आरमोरीची बस किती वाजता आहे.

परत येताना खिडकीच्या जागेवर कोट ठेवला.

१७ मे

गिरजाला प्रवास बाधला असणार. दोन दिवसांत फोन येईल. पिक्चर उतरला म्हणे. लोकांना चांगलं कळत नाही.

२१ मे

फोन नाही. मी केला. पोचू म्हणाला, बाई कामात आहे. तीनदा कामात होती.

चहा ओसरीवर स्टोव्हवर करतो. स्वयंपाकघरात जात नाही. भर दुपारीसुद्धा नाही. भिऊन नव्हे, तिकडं हवा येत नाही.

२४ मे

स्वतःच छप्पर नीट करायचा ठराव. शिडी लावली. वर गेलो. उतरता येईना. दीड तास वर होतो. अल्ताफनं उतरवलं. खालून विचारत होता, हाताचा सीन सुरू हाय का भाऊ.

वरून एक दिसलं. भोक एक नाही. सात आहेत. सगळी चुलीच्या वर.

२ जून, सकाळी ९

गिरजा, तू फोनवर येत नाहीस. कधी आलीस तर अडखळू नये म्हणून बोलायचं ते इथं लिहून घेतो.

पत्रे मी सोडले. तू मला मोठ्या पडद्यावर पाहावं, लोकांनी तुला म्हणावं की हा तुमचा माणूस ना, एवढंच डोक्यात होतं. पाऊस कोणाच्या डोक्यावर पडतो, ते डोक्यात नव्हतं.

झिंगू मिस्त्रीला बोलावलं आहे. पत्रे आणले आहेत. तो म्हणतो, छप्पर काढतोच आहे तर आतलंही नीट करून देतो. चूल कोणत्या भिंतीला ठेवायची, विचारतो. मला वाटलं होती तिथंच. तो म्हणाला, तिथं धूर डोळ्यांत जात असणार, बाईला विचारा. फळी किती उंचीवर ठोकू, विचारतो. तुझा हात कुठपर्यंत पोचतो, ते मला सांगता आलं नाही. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मला माहीत नाही. मी हात वर करून दाखवला, तर तो म्हणाला, तुमचा नाई, बाईचा.

ये असं म्हणत नाही. फक्त चूल कुठं आणि फळी किती उंच, तेवढं पोचूकडून लवकर कळव. मिस्त्री टेप घेऊन बसला आहे.