छत पाडण्याचा तास

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी मच्छिंद्रचा नमस्कार. आक्काचा गुडघा आणि आपला दमा आटोक्यात असेल अशी आशा करतो. (आपला राग आटोक्यात आहे का, हे विचारण्याइतका मी अजून मोठा झालेलो नाही.)

शाळेचे छत होळीनंतरच्या वादळात भरल्या वर्गावर कोसळले, हे आपण ऐकलेच असेल. कुणी दगावले नाही, पण पुंजारामची बेबीनंदा पत्र्याखाली अडकली आणि तेव्हापासून तिची वाचाच बसली. नवे छत चढले तरी एकही पोर आत पाऊल टाकीना. मुख्याध्यापक या नात्याने मी घंटा बडवली, नारळ फोडला, नव्या पत्र्याच्या जाडीवर व्याख्यानही दारात उभे राहून दिले. (ऐन भरात असताना पत्र्यावर कावळा उतरला आणि अख्खी शाळा बांधापर्यंत पळाली.) पुंजाराम तर म्हणाला, "गुर्जी, पोरगी बोलतच न्हाई, मंग शाळेत ठिवून काय करू? कापूस वेचायला लावतो."

तेवढ्यात प्रभावतीबाई नावाच्या नव्या शिक्षिका रुजू झाल्या. त्यांनी कुंभाराकडून माती आणवली, पोरांकडून अंगणात मातीच्या शाळा बांधून घेतल्या आणि मग त्या पाडायला लावल्या! तेही सरकारी वेळेत! रोज पहिला तास पाडापाडीचा. पोरे छत पाडत आणि खदाखदा हसत. मी तावातावाने जाब विचारायला गेलो आणि दाजी, तिथेच खिळून राहिलो. बेबीनंदाने आपल्या शाळेत मातीची सगळी पोरे बसवली होती आणि छत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवले होते. बाई तिच्या शेजारी मातीत बसल्या. बऱ्याच वेळाने पोरीच्या तोंडून शब्द फुटला, "बाई, सोडू का?"

"सोड. मी इथंच आहे."

छत पडले. पोरीने असा टाहो फोडला की आडावरच्या बायका धावत आल्या. मग तिने ढिगाऱ्यातून एकेक पोर काढले, फुंकर मारून पुसले आणि आम्हाला सांगितले, "समदे जित्ते हायेत." इतकी वर्षे मी शाळा म्हणजे पाढे समजत होतो. आता सगळी पोरे आत बसतात, बेबीनंदासुद्धा. पुंजाराम कापसाचे नाव काढत नाही.

आपला,
मच्छिंद्र

ता. क. बाईंची जाफराबादला बदली निघाली आहे. आपण शिक्षण खात्यात आहात, ती थांबवावी.

आणखी ता. क. पोरांचे तर भागले, आता बाई कशाला, असे आपण विचाराल. पण छत पडले तेव्हा वर्गावर मीच होतो, आणि अजून अंगणात उभा राहून खिडकीतून शिकवतो. (आक्काला सांगू नये.) काल बेबीनंदाने मातीचा गोळा माझ्यापुढे आणून ठेवला. म्हणाली, "गुर्जी, आता तुमचा नंबर." तेव्हा निदान माझे होईपर्यंत तरी बाईंना इथे राहू द्यावे.