दादाच्या रक्तातला मी

६ फेब्रुवारी

जुळलं. दादाचं आणि माझं. ताईचं नाही जुळलं. ती फोनवर आधी रडली, मग रागावली — "चेहरा माझा त्याच्यासारखा, आवाज माझा त्याच्यासारखा, आणि जुळलास तू?" मी म्हणालो, मला काय माहीत.

दादाला रक्ताचा कर्करोग आहे. औषधांनी तो दबलाय. पण दबला म्हणजे गेला नव्हे, असं डॉक्टर मॅडम म्हणतात. हाडांतला त्याचा सगळा मगज औषधांनी मारायचा आणि दुसऱ्याच्या पेशी घालून नवा उभा करायचा, हाच उपाय. दुसरा म्हणजे आता मी.

दादाला सांगितलं तर म्हणतो, "याच्या पेशी? हा आरसा कापायच्या आधी दहा वेळा मोजतो. मोजपट्टीच्या पेशी माझ्यापर्यंत पोचेतो मी म्हातारा होईन." वहिनी म्हणाल्या, "व्हा की म्हातारे. तेवढंच हवंय आम्हाला."

मोजपट्टी हे दुकानातलं माझं नाव. काचेचं दुकान आहे आमचं. दादा गिऱ्हाइकाशी बोलतो, मी कापतो.

९ फेब्रुवारी

मॅडमनी समजावून सांगितलं. माझी शाळा नववीत सुटली, तेव्हा न लाजता परत परत विचारलं आणि लिहून घेतलं. सायटोकाइन — हे बरोबर लिहिलंय का, ते सिस्टरना दाखवून घेतलं.

पेशी एकमेकींना सांगावे धाडतात. ते सांगावे म्हणजे सायटोकाइन. जंतू शिरलाय, धावा. काम झालं, परत फिरा. काही सांगावे नुसतं 'वाढा' म्हणणारे, त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. निरोगी माणसात 'वाढा' आणि 'थांबा' दोन्ही वेळेवर पोचतात. दादाच्या आजारी पेशींना कुणी काही सांगितलेलं नसतानाही 'वाढा, वाढा' असंच ऐकू येतं. "दाराची घंटा अडकून बसते ना, तसं," मॅडम म्हणाल्या. "कुणी दाबलेली नाही, पण वाजतेच आहे."

मला जी इंजेक्शनं देणार तीही ग्रोथ फॅक्टरचीच. कारखान्यात बनवलेला सांगावा. त्याने माझ्या मगजातल्या पेशी वाढतील, रक्तात उतरतील, मग यंत्राने गाळून घ्यायच्या.

मी विचारलं, आणि माझीच घंटा अडकली तर? म्हणाल्या, आजवर देणाऱ्यांमध्ये तसं दिसलेलं नाही.

सरळ 'नाही' असं म्हणाल्या नाहीत. हे घरी आल्यावर ध्यानात आलं.

१६ फेब्रुवारी

सही केली.

मॅडमनी त्याआधी मला एकट्याला बसवलं. म्हणाल्या, नको असेल तर आज सांग. घरच्यांना आम्ही एवढंच सांगू की तुझी तब्येत त्यात बसत नाही. कारण विचारणार नाही. पण दादाचं मोठं औषध सुरू झालं की त्याच्या मगजात काही उरणार नाही. त्यानंतर तू मागे फिरलास तर तो वाचणार नाही.

पेन दोनदा पुसलं. भीती वाटते का, असं विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही, बहुतेक दिसत होतं.

२३ फेब्रुवारी

दादाला काचेच्या खोलीत नेलं. बाहेरून बघायचं, फोनवर बोलायचं. डोक्याचा गोटा केलाय. काच दुहेरी आहे, पण खालच्या कडेचं रबर एका जागी नीट बसलेलं नाही. दादानेही तेच पाहिलं असणार. फोन उचलल्या उचलल्या म्हणाला, "कुणी बसवलीय रे ही? आपण असतो तर?"

मोठं औषध आज सुरू झालं. आता मागे फिरणं नाही.

२४ फेब्रुवारी

रस्ता दोन्हीकडे बघून ओलांडतो. मग परत एकदा बघतो. मला आता काही होऊन चालणार नाही.

२७ फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन. पोटावर. मुंगी चावल्यासारखं. उगाच घाबरलो होतो.

१ मार्च

उगाच नव्हे. कंबर, मांड्या, छातीचं मधलं हाड — सगळं आतून ठणकतं. शिंकलो तर डोळ्यांत पाणी आलं. सिस्टर म्हणाल्या, "चांगलं आहे, आत गर्दी झाली. पेशी बाहेर पडायला बघतायत." त्यांचं काय जातं म्हणायला.

प्लीहा सुजते म्हणून जड उचलायचं नाही, पोटाला धक्का लागू द्यायचा नाही. दुकानात एक आजोबा कपाटाचा आरसा घेऊन आले. म्हटलं, तुम्हीच जरा आत आणून ठेवता का? त्यांनी मला खालून वर पाहिलं. "तरणाताठा गडी, आणि आरसा मी उचलू?" मी म्हणालो, पोटुशी आहे समजा. तोंडातून निघून गेलं. आजोबा आरसा ठेवून गेले, पावतीसुद्धा घेतली नाही.

हे दादाला फोनवर सांगितलं. इतका हसला की तिकडची सिस्टर धावत आली. बऱ्याच दिवसांनी हसला.

३ मार्च

दिवसभर यंत्राला बांधलेला होतो. एका हातातून रक्त जातं, गाळून दुसऱ्या हातात परत येतं. हात हलवायचे नाहीत. नाक खाजत होतं. शेवटी सिस्टरना सांगितलं, त्यांनी आपल्या पेनच्या टोपणाने खाजवलं आणि टोपण फेकून दिलं.

पिशवी भरली. विटकरी रंग, तळहाताएवढी. वहिनी बघतच राहिल्या. "भावोजी, एवढंसंच?"

संध्याकाळी ती दादाला चढवली. मी काचेबाहेर. दादा म्हणाला, "मोजून पाठवलंयस ना?" मी म्हणालो, हो.

४ मार्च

दादाला थंडी वाजून ताप. मॅडम म्हणाल्या, मोठ्या औषधाने आतडी सोललीत, आतल्या जखमांतून सांगावे सुटतात, ताप त्याचा असू शकतो. जंतूंचाही असू शकतो. दोन्हींवर औषध चालू आहे. माझ्या पेशी अशा आगीत जाऊन पडल्यात.

८ मार्च

पांढऱ्या पेशी शून्य.

९ मार्च

शून्य. दादाचं तोंड आतून सोललंय, बोलता येत नाही. काचेला दोन बोटं लावून दाखवली. म्हणजे काय ते कळलं नाही. मीही दोन बोटं लावली.

१२ मार्च

शून्य. आई विचारते, तुझ्या पेशी वाट तर चुकल्या नसतील? मॅडम म्हणतात, चुकत नाहीत. हाडांतूनही सांगावे येतात, त्यांच्या मागावर त्या बरोबर घरी पोचतात.

१७ मार्च

दिसल्या! थोड्या आहेत, पण आहेत. वहिनी जिन्यात बसून रडल्या. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा होतो, केव्हा द्यावी ते कळेना.

३१ मार्च

दादाच्या तळहातांवर आणि कानांमागे लाल पुरळ उठलंय. खाज आहे.

मॅडमनी मला आणि वहिनींना बोलावलं. हे काम माझ्या पेशींचं आहे. दादाचं शरीर त्यांना परकं वाटतं, म्हणून त्या एकमेकींना 'धावा' असा सांगावा देतात आणि कातडीवर तुटून पडतात. पोटावर, यकृतावर गेलं तर जिवावर बेततं.

मला वहिनींकडे बघवेना. त्याच म्हणाल्या, "म्हणजे भाऊबंदकी आतच सुरू झाली म्हणायची." मॅडम हसल्या. मी नाही हसलो. वर्षानुवर्षं एका दुकानात काढली, दादा बोलला तरी मी कधी उलट उत्तर दिलं नाही.

मॅडम म्हणाल्या, थोडी भाऊबंदकी आम्हालाही हवी असते. ज्या पेशी कातडीला ओरबाडतात, त्याच लपलेल्या आजारी पेशींनाही खातात. फार वाढली तर दादा जातो. अजिबात नसली तर आजार परतू शकतो. म्हणून सांगावे दाबणारी गोळी आहे, ती कमीजास्त करायची.

हे कुणाला तोलता येतं? मला तर काच कापताना अर्ध्या सुताचा, म्हणजे दोऱ्याएवढा फरकही तोलता येत नाही.

१ एप्रिल

दादा फोनवर — "बाहेर हूं की चूं करत नाहीस, आणि आत शिरून गचांडी धरतोस होय रे?"

मी म्हणालो, चुकलो.

"अरे, गंमत केली."

५ एप्रिल

रक्ताचा रिपोर्ट. त्यात दादाची एकही पेशी नाही. सगळ्या माझ्या. मॅडम खूश. पुरळाला मलम दिलंय.

रोज आंघोळ करताना मनातल्या मनात पेशींना सांगतो, गप्प राहा. दादा आहे तो.

१२ एप्रिल

दादा घरी आला. तोंडाला मास्क, खोली वेगळी, भांडी वेगळी. दुकान मी एकटा बघतो. तो दर तासाला फोन करून चुका काढतो. दुकान दिसत नसताना कशा काढतो, कळत नाही. काढतो त्या बरोबर असतात.

२५ एप्रिल

दादा आज हळूच म्हणाला, "एक सांगू? हसायचं नाही. मी आजकाल गॅस बंद केला का ते उठून बघतो. परत येऊन पडतो. परत उठतो. कडी तीनदा बघतो. हे तुझंच आलंय माझ्यात."

वहिनी आतून ओरडल्या, "राहू दे! घरात एक तरी जबाबदार माणूस हवा."

पेशींतून असलं काही जात नाही, हे मला माहीत आहे. तरी बरं वाटलं.

६ मे

पुरळ पूर्ण गेलं. तळहात स्वच्छ. दादाने दोन्ही हात मॅडमपुढे पसरून दाखवले, परीक्षेत पास झाल्यासारखे. मी म्हणालो, ऐकलं शेवटी पेशींनी.

मॅडमनी हात नीट पाहिले, पण हसल्या नाहीत. रक्त पुन्हा तपासायला घेतलं.

११ मे

रिपोर्ट आला. दादाच्या रक्तात आता चौथा हिस्सा दादा आहे. त्याच्या स्वतःच्या पेशी परत येतायत. आजारी पेशी अजून सापडल्या नाहीत, पण या आल्या की मागोमाग त्या येण्याची भीती असते. सांगावे दाबणारी गोळी आजपासून बंद, माझ्या पेशींनी परत धावून जावं म्हणून. तेवढ्याने भागलं नाही तर माझ्या रक्तातल्या लढणाऱ्या पेशी काढून पुन्हा दादाला देणार. मॅडमचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो.

दादा बाहेर बाकावर बसला होता. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच सांगा त्यांना."

मी शेजारी जाऊन बसलो. म्हणालो, "दादा, आपलं भांडण व्हायला हवंय."