टॉवेलाखालचं पुस्तक

मु. पो. लोहारा,
सोमवार, ता. १० मार्च

तीर्थरूप दगडोबा दाजींच्या सेवेशी,

लोहाऱ्याहून श्रीमंतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल असं धरून चालतो, कारण विचारायची सोय उरलेली नाही. तुम्ही फोन उचलत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर मी पाठवलेल्या 'शुभ सकाळ'च्या फुलाशेजारी तीन वर्षं एकच खूण दिसते. (तक्रार करत नाही. एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, नोंद करायची सवय आहे.) गुडघ्याला एरंडेल लावताय का? बीपीची गोळी जेवणाआधीची की नंतरची हे अक्काच्याच ध्यानात असायचं, आता कोण सांगतं? चि. योगीराजला आशीर्वाद. तो तुमचा मुलगा आणि माझा भाचा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तीन वर्षांत नाती पुन्हा लिहून काढायची वेळ आली आहे. इकडं सिताबाईची कंबर धरलेली आहे आणि माझा स्वभाव पूर्वीसारखाच आहे, म्हणजे घरात दोन दुखणी. चि. हर्षालीचं लग्न जमल्याचं कळलं. फार आनंद झाला. नळदुर्गच्या स्टँडवर, एका ओळखीच्या कंडक्टरकडून कळलं. भाचीचं लग्न मामाला स्टँडवर कळावं, तेही गाडी सुटता सुटता, असं माझ्या नशिबात होतं. मुलगा काय करतो हे विचारेपर्यंत गाडी गेली.

असो. पत्राचं कारण माझं पुस्तक. तुमच्या कानावर आलंच असेल की मी पुस्तक काढलं. 'मागं जागा आहे' असं नाव ठेवलं, कारण जन्मभर एवढं एकच वाक्य मी रोज बोललो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा मागं जागा नसायची. छापायला कुणी तयार होईना, म्हणून स्वतःच सोलापुरातून पाचशे प्रती छापून आणल्या. ते गठ्ठे घरात आले त्या दिवशी मला वाटलं घर भरलं. सिताबाईला वाटलं घर अडलं. ज्वारीच्या कोठीवर पुस्तकं, पलंगाखाली पुस्तकं, देव्हाऱ्यासमोर पुस्तकं. देवाला नैवेद्य दाखवायचा तर हात लांब करून दाखवावा लागे. पहिल्या चार महिन्यांत अकरा प्रती गेल्या. त्यातल्या नऊ मी फुकट दिलेल्या आणि दोन उंदरांनी नेलेल्या.

तेव्हा कुलदीपनं अक्कल दिली. कुलदीप म्हणजे सिताबाईच्या बहिणीचा मुलगा, इथं त्याचं खता-बियाणांचं दुकान आहे. तो म्हणाला, "काका, पुस्तकाचं कुणाला काय पडलंय? बरोबर कायतरी फुकट द्या. बियाणाबरोबर आमी टोपी देतो. बी उगवलं न्हाय तरी टोपी ऱ्हाती!" मला हे लागलं, पण पटलंही. काय द्यावं यावर आमच्या घरी आठवडाभर खल झाला. सिताबाई स्टीलच्या वाटीवर अडून बसली होती. मी म्हणालो, वाचक म्हणजे मानाचा माणूस, त्याचा मान टॉवेल-टोपीनंच व्हायला पाहिजे. (आता ती वाटीचं नाव काढते तेव्हा मी बाहेर जाऊन बसतो.) मग आम्ही दोघांनी बसून पारदर्शक पिशव्या भरल्या. खाली पुस्तक, त्यावर टॉवेल, वर टोपी, आणि पिशवीचं तोंड मेणबत्तीवर धरून बंद. घडी अशी ताठ बसली की दुकानातला माल झक मारेल. ती पुस्तकामुळं बसली होती, हे मला फार उशिरा कळलं.

आणखी एक युक्ती मी माझ्या डोक्यानं केली. प्रत्येक प्रतीत पान एकसष्टवर एक कुपन ठेवलं. ते कुपन आणील त्याचं नाव सोडतीत, आणि महाशिवरात्रीला मारुतीच्या पारावर सोडत काढून पहिल्या नंबराला कुकर. कुपन पहिल्या पानावर का नाही, एकसष्टवरच का, असं कुलदीपनं विचारलं. मी म्हणालो, एवढ्या आत गेल्यावर माणूस वाचतो. खरं कारण वेगळं होतं. पान एकसष्टवर आमची अक्का जाते.

दाजी, तो दिवस तुम्हाला सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दैवशाला अक्का गेली त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी तीन वाजेपर्यंत थांबलात. माहेरची साडी अंगावर पडल्याशिवाय तिला न्यायचं नाही, असं तुम्ही भावकीला बजावलं होतं. उन्हाचे दिवस, सगळी घाई करत होते, तरी थांबलात. मी ईटला साडेचारला पोचलो, काखेत साडी घेऊन, आणि माणसं स्मशानातून परतत होती. मी म्हणालो, काळीपिवळी जीप दोनदा पंक्चर झाली. तुम्ही माझ्याकडं बघून एकच विचारलंत, "कुठं काढलं पंक्चर?" एकतीस वर्षं त्या रस्त्यानं गेलेला मी, मला एका पंक्चरवाल्याचं नाव सुचलं नाही. तेव्हापासून तुम्ही गप्प, आणि पंक्चरबद्दल मीही.

तर पुस्तकाकडं येतो. बाजारच्या दिवशी मी पिशव्या मांडून बसलो, आणि काय सांगू, माल हातात टिकेना! पहिल्याच तासाला रामलिंग आला. आमच्याच गल्लीतला, गडी सज्जन, पण त्याला तिकिटापलीकडं काही वाचताना मी कधी बघितलं नव्हतं. त्यानं पिशवी उलटीपालटी केली, घडी दाबून बघितली आणि म्हणाला, "तीस द्या." माझे डोळे भरून आले. एक वाचक, तीस प्रती! मी उठून त्याला मिठी मारली. प्रत्येक प्रतीवर सही करून देतो म्हणालो, तर तो म्हणाला, "नगं, फोडू नका, हायत तशाच ऱ्हाऊ द्या." मी समजलो, पुस्तक जपणारा माणूस आहे. (दाजी, हसा. तुम्ही हसत असाल तर मला बरं वाटेल.) मग कुणी वीस नेल्या, कुणी पन्नास. पंधरा दिवसांत कोठी मोकळी झाली, देव दिसायला लागले. मी स्टँडवर जाऊन सगळ्यांना चहा पाजला. एकजण म्हणाला, "कंडक्टर, तुमचा पुठ्ठा लई भारी हाय, टावेल वाकतच न्हाय," आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. लेखक झाल्यावर माणसाला ऐकू कमी येतं, हे मी अनुभवानं सांगतो.

पुस्तकाच्या पाठीवर माझा फोन नंबर होता. अभिप्रायाची वाट बघत मी फोन उशाशी घेऊन बसलो. एकच फोन आला, तोही टोपी मोठ्या मापाची मिळेल का, म्हणून. महाशिवरात्रीला सकाळपासून कुकर घेऊन पारावर बसलो. उपासाचे लोक येत होते, जात होते, कुकरकडं बघत होते. कुपन घेऊन कुणी आलं नाही. दुपारी शिवलीलाबाई आल्या, वरच्या आळीच्या. त्यांच्या हातात तीन पिशव्या होत्या, तिन्हींची तोंडं मी चिकटवली तशीच बंद. त्या म्हणाल्या, "ह्यातल्या दोन टोप्या काढून खण घालून द्या की, आमच्याकडं बायकाच जास्त हायत." मी विचारलं, आणि आतलं पुस्तक? त्या म्हणाल्या, "ते असू द्या, त्यानं मान दिसतो." कुकर मी घरी आणला. आता आमच्याकडं दोन कुकर आहेत आणि खाणारे दोघं.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल, कारण तुम्ही लेखक नाही. रामलिंगच्या लेकीचं लग्न होतं. पंगत उठल्यावर माइकवर नाव पुकारलं, "श्रीमंत कंडक्टर, आहेर घ्यायला या," आणि माझ्या डोक्यावर माझीच टोपी ठेवून माझ्या हातात माझीच पिशवी दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच खुर्चीवर बसलो. अहो, मी स्वतः जन्मभर आहेरात आलेले टॉवेल ट्रंकेत ठेवून पुढच्या लग्नात पुढं सरकवत आलो आहे. आपल्याकडं एक टॉवेल चार तालुके फिरतो आणि त्यानं कधी पाणी बघितलेलं नसतं. हे मला माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं सांगू? पुढच्या आठवडाभरात आणखी तीन लग्नं झाली, आणि तिन्हीकडं मला माझंच पुस्तक मिळालं. एके ठिकाणी तर वरमाईनं सांगितलं, पिशवी जपून वापरा, लई लांबून आलीया. पाचशे प्रती जिल्हाभर हिंडताहेत, सगळ्या खपल्या आहेत, आणि वाचलेली एकही नाही. दाजी, मला याचं फार वाईट वाटतं. गंमत म्हणून लिहितोय, पण वाटतं.

परवा सिताबाईला अंघोळीला टॉवेल पाहिजे होता. घरात चार पिशव्या कोऱ्या पडलेल्या. मी चौथी, म्हणजे शेवटच्या लग्नातली उचलली आणि दातानं फोडली. म्हणजे या पुस्तकाची पिशवी फोडणारा पहिला माणूस मीच. टॉवेल तिला दिला, पुस्तक सहज उघडलं, तर पहिल्या पानावर माझंच अक्षर. 'ती. दाजींस. पान एकसष्ट तेवढं वाचा. श्रीमंत.' दिवाळीत योगीराज लोहाऱ्याला आला होता, तेव्हा त्याच्याजवळ दिलेली ती तुमची प्रत. सही करून मीच चिकटवली होती.

मी कंडक्टर, मी लगेच टप्पे लावले. ईट ते भूम, भूम ते धाराशिव, धाराशिव ते तुळजापूर, तिथून लोहारा. निदान चार लग्नं तरी तिनं बघितली असणार. तुमचा राग धरत नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, कदाचित आतलं पुस्तक काढून टॉवेल तेवढा पुढं दिला असता. पण मी मोरीच्या दारात उभा राहून रडलो. सिताबाईनं आतून विचारलं काय झालं, तर मी म्हणालो, टॉवेल चांगला निघाला. नंतर त्यानंच तोंड पुसलं. रंग गेला नाही.

लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार, गुरांची काळजी घ्या. काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर धाकटा मेहुणा समजून पोटात घाला. पाकिटावर जिल्हा धाराशिव लिहून कंसात उस्मानाबादही लिहिलं आहे, निदान पोस्टमनची तरी चूक व्हायला नको.

तुमचा,
श्रीमंत

ता. क. : पुस्तकाबद्दल लिहायचं म्हणून पत्र सुरू केलं, पण मागणं वेगळं आहे. हर्षालीच्या लग्नात अंतरपाट धरल्यावर तिच्या मागं मामानं उभं राहायचं असतं. तिला मामा मी एकटाच. आहेर नको, टोपी नको, पंगतीला बसवलं नाही तरी चालेल. जन्मभर दुसऱ्यांना मागं जागा आहे म्हणून रेटून सांगितलं. आता मी तुम्हाला विचारतो आहे, जागा आहे का?

ता. क. दुसरा : मागणं मागण्याआधी जे सांगायला पाहिजे होतं ते पान एकसष्टवर आहे. ते पान फाडून याच पाकिटात घातलं आहे, बरोबर काही फुकट दिलेलं नाही. तेही वाचायची इच्छा नसेल, तर एवढंच वाचा. पंक्चर कुठं काढलं म्हणून तुम्ही विचारलं होतंत. कुठंच नाही. जीप धड होती. योगीराजचा फोन मला दहा वाजता आला, तेव्हा मी नळदुर्गला कविसंमेलनात बसलो होतो आणि माझा नंबर साडेअकराला होता. वाटलं, एवढी एक कविता म्हणतो आणि निघतो. कविता बहिणीवर होती.

ता. क. तिसरा आणि शेवटचा : ती साडी ट्रंकेत आहे. हिरवी, घडी न मोडलेली. कुलदीप म्हणाला होता, सोडतीत कुकरऐवजी साडी ठेवा, बायका कुपनं घेऊन धावत येतील. मी त्याच्यावर ओरडलो, त्याला कारण कळलं नाही. सिताबाई म्हणते, ती हर्षालीला देता येत नाही, कुणाला नेसता येत नाही, पुढं सरकवता तर मुळीच येत नाही. तिचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. ती कुणाच्या आहेरात आलेली नाही, दाजी. मी स्वतः नळदुर्गच्या बाजारात घेतली होती, लोकांनी टाळ्या वाजवून पुन्हा म्हणा म्हटल्यावर तीच कविता दुसऱ्यांदा म्हणून झाली, त्यानंतर.