मन ठीक असल्याचा दाखला मिळणेबाबत

प्रति,
मा. कक्षप्रमुख,
हज यात्रेकरू मनःस्वास्थ्य साहाय्य कक्ष,
शाहूपुरी, कोल्हापूर.

विषय : विमान १४ मे रोजी असल्याने दाखला त्यापूर्वी मिळणेबाबत.
संदर्भ : आपले 'उच्च जोखीम' पत्र, दि. १५ एप्रिल २०२६.

महोदय,

१. अर्जदार बाबालाल शिकलगार, वय ७१, कात्र्या-विळ्यांना धार लावणारा. चाळीस वर्षे मनात धरलेल्या हजचा योग आता आला आहे. यात्रेकरूंच्या मनाची काळजी घ्यायला आपण शिबिर भरवलेत, त्याबद्दल आभार. अर्जदाराच्या मनाची चौकशी यापूर्वी कोणत्याच कार्यालयाने केली नव्हती.

२. शिबिरात आपल्या समुपदेशक रुचिता मॅडमनी फॉर्म भरून घेतला. वारंवार रडू येते का? होय, काबाशरीफचे नाव निघाले तरी येते. अपराधी वाटते का? होय, माफी मागत सत्तावीस घरे फिरून झाली. मरणाचा विचार? कफन घेतले आहे, मक्केतल्या झमझम विहिरीच्या पवित्र पाण्यात भिजवून आणायचे आहे. निरवानिरव? तीही केली. हजला निघालेला माणूस हेच करतो, असे अर्जदार सांगत राहिला. परंतु फॉर्मात त्यासाठी रकाना नव्हता.

३. अर्जदारास सहा मंगळवार समुपदेशन लागले. सहावा मंगळवार २६ मे, म्हणजे अराफातच्या मैदानात उभे राहण्याचा, हजचा मुख्य दिवस. दाखला त्यानंतर मिळणार, आणि दाखल्याशिवाय विमानात बसता येणार नाही. पूर्वी अर्जदार गाढ झोपत असे, आपले पत्र आल्यापासून झोप उडाली आहे. मॅडमनी तेही लिहून घेतले आणि जोखीम आणखी वाढवली.

४. शेजारी केरबा पाटील यांच्याशी गटारीवरून एकोणीस वर्षे अबोला होता. माफी मागायला गेल्यावर ते म्हणाले, "माफ हाय की. तू जाऊन ये, गटारीचं आल्यावर बघू." एवढी समज आपल्या कक्षात असती, तर हा अर्ज लिहावा लागला नसता.

५. हजला कुणाविषयी मनात अढी ठेवून जाता येत नाही. अर्जदाराने सर्वांना माफ केले आहे. फक्त आपला कक्ष राहिला आहे. रोज प्रयत्न करतो, जमत नाही. ते १४ तारखेपूर्वी जमेल, अशी तजवीज आपल्या स्तरावर व्हावी.

अद्याप तरी आपला नम्र,
(बाबालाल हसन शिकलगार)
गडहिंग्लज, दि. ४ मे २०२६

सोबत :
१) साखर व रक्तदाब ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला.
२) अर्जदार शहाणा असल्याचे केरबा पाटील यांचे पत्र (गटारीचा मजकूर सोडून वाचावे).
३) कफन जोडलेले नाही. ते अर्जदारास लागणार आहे.