भय गेल्याची साक्ष

सोमवार, १ मार्च १९३७
नवापूरहून पाद्रीसाहेबांची चिठ्ठी. २ एप्रिलला आपल्या शाळेचे इन्स्पेक्शन. तपासणीला येणारे दिपोटीसाहेब यंदा नवे आहेत, पण जुना शेरा त्यांनी वाचला आहे म्हणे. खाली एक जास्तीची ओळ: गेल्या वर्षासारखे झाल्यास मास्तर बदलावा लागेल. चिठ्ठी तीनदा वाचली. घाबरून नव्हे, अक्षर बारीक होते.

गेल्या वर्षी विशेष काही झाले नव्हते. तापी कुठून कुठे वाहते ते मुलांना शिकवा, असे तेव्हाच्या साहेबांनी सांगितले. मी फळ्याजवळ गेलो आणि तापी आठवेना. खडू हातात मोडला. साहेब बसा म्हणाले, तेव्हा मी मुलांच्या रांगेत जाऊन बसलो. बाकी सगळे ठीक.

मास्तरकी गेली तर रेल्वेच्या खडीवर मजुरी. बापाने जन्मभर तीच केली आणि मला मिशनच्या शाळेत घातले. असो.

निश्चय: रोज पहाटे प्रार्थना, रोज एका पाठाचे टाचण, आणि भय सोडणे. सुरुवात उद्या.

गुरुवार, ४ मार्च
प्रार्थना झाली. टाचण राहिले. दोन्ही एकाच दिवशी करणे म्हणजे देवावर भरवसा नसल्यासारखे दिसते.

मंगळवार, ९ मार्च
उद्याची चिंता करू नये असे शास्त्रात स्पष्ट आहे. मग टाचण म्हणजे दुसरे काय? उद्याचीच चिंता, तीही समास पाडून. वही पेटीत टाकली. कॉन्फिडन्स वाढला.

माझी बायको रमिलाबाई म्हणाली, शास्त्रात दिव्याला तेल भरून ठेवणाऱ्या पोरीही आहेत. बायकांनी वाचायला शिकावे असा आग्रह माझाच होता.

सोमवार, १५ मार्च
मोह गळायला लागला. पटावर एकतीस, हजर अकरा. पोरे पहाटेपासून फुले वेचायला रानात, आणि ऊन चढल्यावर शाळेत येतात ती डुलक्या घ्यायला. फुले वाळवून नवापूरला रतिलालशेठच्या दुकानी जातात, घराघरातले मीठ आणि कापड त्यातूनच येते. आमच्या ख्रिस्ती मंडळीत दारू गाळायला बंदी आहे, फुले वेचायला नाही.

रमिलाबाई म्हणाली, पालकांना इन्स्पेक्शनची तारीख सांगून ठेवा. मी म्हणालो, प्रार्थनेत सांगितली आहे.

शुक्रवार, २६ मार्च. उत्तम शुक्रवार
उपासनेत धडा मी वाचला. नंतर दोन शब्द बोललो. म्हणालो, तो शिष्य पाहा. तीन वर्षे प्रभूच्या ताटाला ताट लावून जेवला, आणि शेकोटीपाशी एका चाकर बाईने तू त्याच्यातलाच ना असे विचारले तर मी तो नव्हेच म्हणाला. एकदा जीभ घसरली समजू. पण तीनदा? कोंबडा आरवेपर्यंत? असला माणूस माझ्या समजुतीबाहेरचा आहे.
आवाज आज फार चांगला लागला होता.

रविवार, २८ मार्च. पुनरुत्थानाचा सण
साक्ष दिली. सर्वांसमोर सांगितले की दिपोटीसाहेबांचे भय प्रभूने माझ्यातून मुळासकट उपटून टाकले. आमेन मोठे झाले. आमच्या मंडळीचे पंच जेठ्याबाबा बाहेर आल्यावर म्हणाले, साहेब येऊन गेल्यावर साक्ष दिली असती तरी देवाने ऐकली असती. म्हातारपणी विश्वास पातळ होतो.
संध्याकाळी पोट बिघडले. सणाचे जेवण.

गुरुवार, १ एप्रिल
पोट अजून सणाचेच.

शुक्रवार, २ एप्रिल. सकाळी ६
कोट चढवला. भय अजिबात नाही. बटणे लागत नाहीत. शिंप्याने काजे लहान केली असावीत.

तोच दिवस, सकाळी ११
घडले ते क्रमाने लिहितो.

सातला शाळा उघडायला गेलो तर एकही पोर नाही. कुलूप तसेच ठेवून ओढ्याकाठच्या मोहाखाली गेलो. सगळे तिथेच. तिथेच ओढ्याकाठी राहणारी रेवाबाई म्हणाली, टोपल्या भरल्या की पोरे न्या, घाई असेल तर तुम्हीही वेचा. मी कोट फांदीला अडकवला, डोक्याला फडके गुंडाळले आणि वाकलो.

मोजता मोजता पाढे निघाले. सात टोपल्या, एकीत बारा ओंजळी. जेठ्याबाबांची नात गंगी चटकन म्हणाली, चौऱ्याऐंशी. मग ओल्या वाळूत बोटाने तापी काढली. पूर्वेकडून आली, प्रकाशा गावावरून गेली, सुरतेला समुद्राला मिळाली. कुठेही अडली नाही. पोरे मला शाळेत मास्तर म्हणतात, रानात काका. फार बरे वाटत होते.

वर पाहतो तो समोर दिपोटीसाहेब आणि त्यांचा नवा पट्टेवाला हिंमतराव. स्टेशनावरून आडवाटेने आले होते.

हिंमतरावाने विचारले, मास्तर तूच शे का? मी म्हणालो, नाही. त्याने फांदीकडे बोट केले, मंग हाऊ कोट कोना शे? मी म्हणालो, मास्तरांचा असेल, मी त्यांना ओळखत नाही. मग साहेबांनी स्वतः विचारले, तुम्ही शाळेचे कोणीच नाही? मी म्हणालो, नाही साहेब, मी मजूर.

तेवढ्यात रेवाबाईचा कोंबडा आरवला. सकाळी साडेआठला. त्या कोंबड्याला वेळेचे भान कधीच नव्हते.

साहेबांनी पोरांना तिथेच प्रश्न घातले. पाढे, तापी, तोंडी हिशेब. सगळी घडाघडा बोलली. कोणी शिकवले म्हणून विचारले, तर सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवले, काकाने. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि शाळेचे कुलूप पाहायला गेले.

एकंदरीत साक्ष खरी ठरली. भय वाटले असते तर ते मास्तरला. तिथे मास्तर नव्हताच.

शनिवार, ३ एप्रिल
जेवण गेले नाही. खोटे बोललो. तीनदा. कोट फांदीलाच राहिला होता, रमिलाबाईने आणला.

रविवार, ४ एप्रिल
उपासनेला गेलो नाही. पोट.

बुधवार, १४ एप्रिल
रिपोर्टची नक्कल आली. मास्तर रूपचंद गैरहजर, शाळेला कुलूप, सबब मास्तरास कमी करावे. मात्र मोहाच्या झाडाखाली एक अशिक्षित इसम मुलांस उत्तम शिकवताना आढळला. इतका निर्भय शिक्षक या भागात पाहण्यात नाही. त्यास शोधून त्या जागी नेमावे.

खाली पाद्रीसाहेबांचे अक्षर: बंधू रूपचंद, शेवटची सेवा म्हणून या इसमाचा शोध घ्या आणि रविवारी त्याला मंडळीसमोर उभे करा.

रमिलाबाईला सगळे वाचून दाखवले. विचारले, आपल्या गावात असा कोणी आहे का?

ती अंगणात वाळलेली फुले निवडत होती. मान वर न करता म्हणाली, आहे एक. पण त्याला विचारले तर तो नाही म्हणतो.