विलायती नटीचं सुतक

देवळी, रविवार, डिसेंबर १९७८

आज पुन्हा टुरिंग टॉकीजला गेलो, जाऊबाई आणि मी. मागच्या रविवारी तिथे विलायती भुताचा सिनेमा होता. त्यातली देखणी नटी पातळ झग्यात अनवाणी पळाली आणि शेवटी भुतानं तिचा गळा घोटला. घरी आल्यावर जाऊबाईंनी आधी डोक्यावरून पाणी घेतलं, मगच स्वयंपाकघरात पाय ठेवला. मयतीहून आल्यासारखं! मला तेव्हा हसू आलं होतं.

आजचा सिनेमाही विलायती, पण विनोदी. आणि त्यात तीच नटी!

"अवं, हे तं मेलती ना?" जाऊबाई ओरडल्याच. तिला जिवंत पाहून खूश झाल्या. मग ती पळू लागली. तसाच झगा, तशीच अनवाणी. मागे डॉक्टर, शिपाई, एक म्हातारासुद्धा. सगळा तंबू हसत होता. मीही. का हसले, कोण जाणे.

घरी आल्यावर जाऊबाईंनी पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. इतक्या थंडीत!

मी म्हटलं, "आज तं ते मेली नाई."

"त्या दिवशी एकटं भूत मांगं होतं," केस पिळत त्या म्हणाल्या. "आज सारे होते. अन् तू हसून राह्यली होती."

मी तशीच स्वयंपाकघरात गेले. दूध तापवायचं राहिलं होतं.