घळीचा ठिय्या आणि चार बंदुका

वाल्देहारा,
सप्टेंबरचा शेवट, पहिले पाव भट्टीत गेल्यावर

तीर्थरूप मामांस,

जावई सातुर्निनोचा, हातावरचं पीठ झटकून, दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुमची तब्येत कशी आहे हे विचारणं माझं कर्तव्य, आणि 'उत्तम आहे' असं खोटं कळवणं हा तुमचा स्वभाव, तेव्हा तो भाग दोघांनीही उरकला असं समजू या. तुमची धाकटी, रेमेदियोस, फोनवर खरं सांगते. गुडघे दुखतात, जेवण निम्म्यावर आलंय, आणि लिफ्टमधल्या आरशाशी तुम्ही भांडता म्हणे. (माद्रिदच्या पाचव्या मजल्यावर भांडायला दुसरं कोण मिळणार?) इकडे तुमची थोरली लेक ओब्दुलिया ठणठणीत आहे. अंजिरं यंदा बरी आली. ज्या जिन्यानं तुमच्या गुडघ्यांशी वैर धरून तुम्हाला धाकटीकडे धाडलं, तो जिना जागच्या जागी आहे. तुमच्या कुत्रीच्या, पावेसाच्या, गळ्यातली शिकारीची घंटा तुम्ही जाताना दाराच्या खिळ्यावर विसरलात, तीही तिथंच आहे. दार उघडलं की ती वाजते आणि ओब्दुलिया हातातलं काम टाकून वर बघते. पावेसाला माझा आशीर्वाद सांगा. ती बाल्कनीत बसून कबुतरांवर भुंकते असं ऐकलं. एवढ्या नाकाची कुत्री, आणि नशिबी कबुतरं! असो.

पत्रास कारण की, पिलारमाउलीच्या सणाला शिकारीचा हंगाम उघडतोय आणि मला बंदूक निवडायची आहे. झुडपांच्या जाळीतल्या सशासाठी. चांगली, कायमची, पुन्हा कुणी तोंड वर करून बोलणार नाही अशी. तुम्हाला नियम पाठ आहे, कारण तो तुमच्या वडिलांनीच केला: हंगामाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक ठिय्यावरून एक तरी ससा गावजेवणाच्या भाताच्या पातेल्यात पडला पाहिजे, आणि ज्या ठिय्यावरून सलग दोन वर्षं पडला नाही तो ठिय्या चिठ्ठ्या टाकून दुसऱ्याला. गेल्या वर्षी आपल्याकडून काय पडलं ते पुढे येईलच. म्हणजे यंदाही पातेलं कोरं राहिलं, तर घळीच्या तोंडावरचा तो दगड, जो तुमच्या आजोबांपासून बसून बसून गुळगुळीत झालाय, तो निकोमेदेस न्हाव्याच्या बुडाखाली जाणार. चिठ्ठीत त्याचंच नाव निघणार, कारण दुसरं कुणी नाव टाकायला धजत नाही. तो आत्तापासून दगडाचं माप घेऊन उशी शिवायला निघालाय. मी त्याच्या खुर्चीत बसलो की (गावात दुसरा न्हावी नाही, नाहीतर शत्रूच्या हाती गळा कोण देईल?) तो माझ्या गळ्यावर वस्तरा टेकवून विचारतो, "काय सातुर्निनो, दगडावर सकाळचं ऊन कधी येतं रे?"

बाजारातला ससा आणून झोळीतून काढावा हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. पण ते निकोमेदेसनंच करून पाहिलंय. आठवतं ना? भात खाताना ज्याच्या दाताखाली छर्रा येईल त्याला वाइनचा पहिला पेला, अशी आपली रीत. आणि त्या वर्षी त्याच्या सशात अख्ख्या टेबलावर कुणाला एक छर्रा सापडेना. सगळे जपून चावतायत. तेव्हा तुम्ही चमचा खाली ठेवून म्हणालात, "निकोमेदेस, हा ससा काय लाजेनं मेला?" तेव्हापासून तो रस्ता साऱ्या गावाला बंद आहे. आणि मी निश्चय केलाय मामा, की यंदा ससा पातेल्यात पडणार, तो छर्ऱ्यानं मेलेला असणार, आणि तो आपल्याच घळीतला असणार. मैदानातल्या (म्हणजे माझ्यासारख्या) माणसाला ससा फक्त ताटात ओळखू येतो, हे तुम्ही लग्नाच्या जेवणात म्हणालात ते मी विसरलेलो नाही.

आता पहिली बंदूक, म्हणजे तुमची. रागावू नका. तुमची दुनळी लांब नळ्यांची आणि दोन्ही तोंडं आवळलेली. चाळीस पावलांवर उडालेल्या तित्तिराला ती शोभते. पण तुम्ही माद्रिदला गेल्यावर मी गेल्या वर्षी तिला घेऊन जाळीत शिरलो, तर ती माझ्याआधी प्रत्येक फांदीला भेटून यायची. ससा उजवीकडून निघाला, मी वळलो, नळ्या ओकच्या बेचक्यात अडकल्या. ससा थांबून बघत होता. (खोटं वाटेल, पण थांबला होता.) दुसरा ससा चार पावलांवर समोर आला आणि त्याला मात्र मी सोडला नाही. घोटाळा असा की आवळलेल्या नळीतून निघालेले छर्रे चार पावलांवर पांगायला वेळच मिळत नाही. सगळे मिळून मुठीएवढे जातात. मी टॉवेलात बांधून आणलं. आचाऱ्यानं टॉवेलाचं टोक उचललं, पुन्हा झाकलं, आणि हळूच विचारलं, "सातुर्निनो, यातला ससा कुठला?" गेल्या वर्षीचं कोरं पातेलं ते असं.

म्हणून उन्हाळ्यात, पिकं वाचवायला ससे मारायची परवानगी निघाली तेव्हा, मी शहरात फाउस्तो बंदूकवाल्याकडे गेलो. त्यानं आधी दिली ती एका नळीची, पण एकामागून एक तीन बार आपोआप भरणारी. म्हटलं, एक चुकला तर दोन आहेत. मामा, माणसाला तीन संधी दिल्या की तो तिन्ही वाया घालवतो. ससा निघाला, आणि मी तिन्ही बार तो जिथे नुकताच होता तिथे घातले. झुडूप आडवं झालं. त्या झुडपापलीकडच्या फांदीला निकोमेदेसची शिदोरीची पिशवी टांगलेली होती. (तो स्वतः दूर झऱ्यावर पाणी भरत होता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पोलिसांना फोन कराल.) परत येऊन त्यानं बटाट्याचं ऑम्लेट तोंडात घातलं, कचकन चावला, छर्रा काढून झाकणावर ठेवला आणि मलाच म्हणाला, "पहिला पेला माझा!" पुढे चिकट पानांची राळ आत जाऊन ती बंदूक अडली आणि मी ती परत केली.

मग फेलिपामावशीची एकनळी. ओब्दुलियानं माळ्यावरून काढली. नळी आखूड, वजन हलकं, जाळीत फिरवायला सोपी. पण मावशी होती बुटकी, आणि दस्ता तिच्या मापाचा. मी बार काढला आणि धक्क्यानं माझाच अंगठा माझ्याच नाकावर आदळला. दुसऱ्यांदाही. दोन आठवडे गिऱ्हाइकं पाव कमी आणि नाक जास्त बघत होती. निकोमेदेस म्हणाला, "ठिय्या सोड बाबा, नाक तरी राहील." त्या संध्याकाळी मी अंगणात दस्त्याला लाकडाचा तुकडा जोडत बसलो होतो, तर तुमची लेक बाहेर आली. म्हणाली, "बंदूक निवडताय की बायको? बायको निवडताना एवढा वेळ नव्हता लावला." माझ्या हातातून बंदूक घेतली, कुंपणावरचा टोमॅटोचा डबा उडवला, बंदूक परत दिली आणि आत जाऊन मसूर ढवळू लागली. एकच काडतूस. मी तो डबा पुन्हा ठेवून सहा उडवली, डबा हलला नाही. हे गावात कुणाला सांगितलेलं नाही.

शेवटी फाउस्तोनं मला उभा केला आणि शिंप्यासारखं कोपरापासून बोटापर्यंत माप घेतलं. "तुला जाळीत जायचंय की मिरवणुकीत?" म्हणाला, आणि मागच्या कपाटातून एक दुनळी काढली. वीस बोअरची, म्हणजे जरा बारीक नळीची आणि हलकी, नळ्या आखूड, दोन्ही तोंडं मोकळी, म्हणजे छर्रे दहा पावलांतच छान पसरतात आणि सशाचा ससाच राहतो. मामा, काय बंदूक होती! खांद्याला लावली की डोळा आपसूक नळीवर. फांदीला लागत नाही, हाताला जड नाही, नाकाला शिवत नाही. फाउस्तोनं कागदपत्रं करून आठवडाभर वापरायला दिली. मला वाटलं, आता निकोमेदेसनं ती उशी स्वतःच्याच दुकानात वापरावी.

पहाटे घळीत गेलो. कुत्री निकोमेदेसची मागून घेतली. (त्यानं हसत दिली, तिथेच मला कळायला हवं होतं.) त्याच्या कुत्र्यांना सगळ्या जगाशी बोलायचं असतं. सरड्यावर भुंकतात, एकमेकांवर भुंकतात, ससा निघाला की मात्र दमतात. ससे सगळे पलीकडच्या बाजूनं, निकोमेदेसच्या अंगानं निघून गेले. मी ती गोजिरवाणी बंदूक घेऊन जाळीत उभा. ऊन दगडावर आलं. आणि मला सारखं वाटत होतं की आता पावेसाचा तो एकच कोरडा आवाज येईल, आणि तुम्ही दगडावरून गरजाल, "डावीकडे, पाववाल्या! डावा हात म्हणजे ज्यात घड्याळ असतं तो!" कुणी काही गरजलं नाही. चारचौघांत मी हे बोलणार नाही, पण तुम्हाला सांगतो, मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. बंदूक हातात असून हात रिकामे वाटले. मग मी एकही बार न काढता घरी आलो आणि नेहमीपेक्षा जास्त पीठ मळलं.

पण हे सगळं विषयांतर झालं. मुद्दा बंदुकीचा. वीस बोअरची आखूड दुनळी घ्यावी, की तुमच्याच दुनळीच्या नळ्या कापून घ्याव्या (दचकू नका, विचारतोय फक्त), की मावशीचा दस्ता लांबवावा, याबद्दल आपलं अनुभवी मत कृपया लवकर कळवावं. मी मागे हटणार नाही. ठिय्या जाऊ देणार नाही. रेमेदियोसला आशीर्वाद, आरशाला क्षमा.

आपला आज्ञाधारक (बहुतेक वेळा)
सातुर्निनो

ता. क. बंदुकीबद्दल मत कळवण्याची तसदी घेऊ नये. फाउस्तोची दुनळी मी परत केली. तिच्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे संपले. खालच्या मजल्यावरची पिठाची खोली रिकामी करून तिथे पलंग टाकलाय, न्हाणीघरात धरायला दांडी बसवलीय, आणि खिडकी घळीकडे काढलीय. ओब्दुलियानं दोनदा चुना दिला. खोलीला एकही पायरी नाही. आभार मानू नका, ही सगळी सोय कुत्रीसाठी आहे.

आणखी ता. क. एवढा उन्हाळा घालवून मला कळलं ते एवढंच, की तुमची बंदूक चुकीची नव्हती, मी चुकीच्या जागी उभा होतो. तुम्ही कधी जाळीत शिरलातच नाही. पावेसा सशाला जाळीतून काढून त्या मोकळ्या पट्टीवर आणायची, तुम्ही आवाजावरून बाजू ओळखायचात, आणि दगडापासून ती पट्टी बरोब्बर लांब नळीच्या अंतरावर आहे. जाळीत बंदूक घेऊन घुसणं हे मैदानातल्या माणसाचंच काम. तेव्हा दुनळी तीच. मी तेल देऊन ठेवलीय. आता फक्त कुत्री हवी. मला ती जुमानत नाही, उलट माझी अस्तनी दातांत धरते, म्हणून तिच्याबरोबर तिचं माणूसही लागेल. बसवाला कुत्र्याला घेत नाही, मी विचारून आलो. शुक्रवारी पावाची गाडी घेऊन येतो. मागच्या फळ्या काढून तुमची खुर्ची दोरीनं बांधलीय. सणाला तुम्ही दगडावर, मी तुमच्या शेजारी. ससा चुकला तर साऱ्या गावासमोर पाववाल्याला शिव्या द्या, माझी तक्रार नाही.

शेवटचा ता. क. यायचं नसेल तर मला कळवू नका, मी ऐकणार नाही. सोबतच्या पुडक्यात खिळ्यावरची घंटा आहे. ती पावेसासमोर एकदा वाजवा, आणि मग तिच्याच तोंडावर 'नाही' म्हणून दाखवा.